टीव्हीमागे खोचलेली काडी

आमच्या टीव्हीचं चित्र अजूनही झकास आहे. बिघडलं ते त्याचं 'स्मार्ट'पण. आधी अपडेट येईनासे झाले, मग एका अ‍ॅपने 'या टीव्हीवर यापुढे चालणार नाही' असा निरोप दिला, दुसरं उघडायलाच दोन मिनिटं घेऊ लागलं. पडदा धडधाकट आणि आतलं सॉफ्टवेअर म्हातारं, अशी अवस्था. तेवढ्यासाठी टीव्ही बदलणं मला पटेना. म्हटलं, टीव्हीमागच्या एचडीएमआयच्या भोकाला (बाहेरून चित्र-आवाज घेतं ते) जोडायचं एखादं उपकरण घेऊ, टीव्ही पुन्हा 'स्मार्ट' होईल, पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांना तीन आठवडे लागले.

पहिली चूक खरेदीतच झाली. कुठल्याच ओळखीच्या नावाचा नसलेला एक अँड्रॉइड बॉक्स घेतला. खोक्यावर '८के'पर्यंतच्या, म्हणजे अतिशय बारकाव्याच्या चित्राच्या, बढाया छापलेल्या. जोडला, अ‍ॅप उघडलं, सिनेमा लावला, तर चेहरे धुरकट. इंटरनेट तपासलं, केबल बदलली, टीव्हीची सेटिंग पालथी घातली. गंमत म्हणजे यूट्यूब त्याच बॉक्सवर स्वच्छ दिसत होतं. धुरकट दिसायचं ते फक्त पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपवर!

उत्तर सापडलं ते वाइडवाइन या नावात. सिनेमे कुलूपबंद होऊन येतात आणि ते कुलूप उघडण्याची गूगलची ही पद्धत. तिच्या पातळ्या आहेत. एल१ म्हणजे कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं, एल३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ उपकरणाला मोठ्या सेवा बहुधा साधं, कमी बारकाव्याचं एसडी चित्रच देतात, मग पडदा ४के असो की आणखी काही. ही पातळी दाखवणारं एक छोटं अ‍ॅप मिळतं. ते टाकून पाहिलं, तर माझ्या बॉक्ससमोर एल३. खोक्यावरच्या '८के'चा याच्याशी काही संबंध नव्हता.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट कळली आणि तिने मात्र झोप उडवली. अशा बिननावाच्या काही बॉक्समध्ये घातक सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरलेलं सापडलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने 'बॅडबॉक्स २.०' या नावाने त्याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. माझा बॉक्स तसा होता का, ते मी शोधत बसलो नाही. वायर काढली, त्यात भरलेले सगळे पासवर्ड बदलले.

मग नीट विचार करून एक नावाजलेली स्टिक, म्हणजे टीव्हीमागे थेट खोचायची काडी, घेतली. हा प्रकार तसा जुनाच. अ‍ॅपल टीव्ही २००७ मध्ये आला, रोकूचा पहिला प्लेअर २००८ मध्ये, क्रोमकास्ट २०१३ मध्ये, फायर टीव्ही स्टिक २०१४ मध्ये. पहिल्या क्रोमकास्टला तर रिमोटच नव्हता, सगळं फोनवरून. दादाला अजून वाटतं की कास्ट केलं, म्हणजे फोनवरून टीव्हीवर लावलं, की सिनेमा फोनमधून टीव्हीकडे जातो. बहुतेक अ‍ॅपमध्ये तसं नसतं. फोन फक्त पत्ता सांगतो, व्हिडिओ स्टिक स्वतः इंटरनेटवरून ओढून घेते. फोन बंद केला तरी सिनेमा चालूच राहतो. हे दाखवल्यावरही तो म्हणाला, "पण बॅटरी तर माझीच संपते ना?"

स्टिक जोडली. भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालून, गाल भिंतीला टेकवून, बोटांनी चाचपत एचडीएमआयचं भोक शोधायचं. दोनदा उलटी खोचायला गेलो. मग रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत वाय-फायचा पासवर्ड. पासवर्ड लांबलचक ठेवल्याचा इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता. बऱ्याच अ‍ॅपमध्ये पडद्यावर एक कोड येतो आणि तो फोनवर टाकला की काम होतं, हे चौथ्या अ‍ॅपला कळलं.

पहिली संध्याकाळ मजेत गेली. दुसऱ्या दिवशी ऐन रंगात पडदा काळा आणि स्टिकचा लोगो. पुन्हा चालू, अर्ध्या तासाने पुन्हा लोगो. मी राउटर बंद-चालू केला, स्टिक फॅक्टरी रीसेट केली (म्हणजे पासवर्डचे बाण पुन्हा), परत करण्यासाठी खोकंही शोधून ठेवलं. दोष निघाला वायरीत. स्टिकबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर मी वापरलाच नव्हता. टीव्हीला यूएसबीचं भोक आहे, तिथूनच वीज घेऊ, तेवढीच एक वायर कमी, असा माझा शहाणपणा. साधं यूएसबी २.० भोक नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतं. स्टिकच्या अ‍ॅडॉप्टरवर १ अँपिअर लिहिलेलं. मेनूत फिरताना भागायचं, काम वाढलं की वीज अपुरी पडायची आणि बिचारी मान टाकायची. शिवाय टीव्ही बंद केला की ते भोकही बंद, म्हणून रोज सुरुवातीला इतका वेळ लागत होता. अ‍ॅडॉप्टर भिंतीत लावला, लोगो फिरणं थांबलं.

तरी ४के अडखळत होतंच. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस इंटरनेट वेग सुचवतं. फोनवर त्याच्या कितीतरी पट वेग यायचा, स्टिकवर मोजला तर जेमतेम ६. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली, मध्ये पत्रा आणि पॅनल, वाय-फाय पोचणार कसं? खोक्यात वीतभर लांबीची एचडीएमआय जोडवायर होती, तीही मी 'नको ती अडगळ' म्हणून ठेवून दिलेली. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर लोंबू दिली आणि राउटरच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वेगाच्या, वाय-फायवर नेली. वेग ४० च्या वर गेला. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं.

चित्राच्या कडा कापल्या जात होत्या, ते टीव्हीच्या 'स्क्रीन फिट' सेटिंगने सुटलं. राहिली आई. तिला दोन रिमोट नको होते. त्यावर उपाय एचडीएमआय-सीईसी, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने जोडलेलं उपकरणही चालवायची सोय, पण टीव्हीच्या मेनूत हे नाव शोधून सापडेलच असं नाही. सॅमसंग त्याला अ‍ॅनीनेट+ म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. एकाच गोष्टीची इतकी बारशी कशाला केली, देव जाणे. ते चालू केल्यावर टीव्हीच्या जुन्या रिमोटचे बाण स्टिकलाही चालू लागले आणि नवा रिमोट खणात गेला.

परवा टीव्हीमागची धूळ पुसताना कुणीतरी अ‍ॅडॉप्टर काढून ती वायर पुन्हा टीव्हीच्या यूएसबीत खोचली. रात्री सिनेमा सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत लोगो. दादा राउटरकडे निघाला होता. मी त्याला बसवलं, गाल भिंतीला टेकवला आणि टीव्हीमागे हात घातला.