गगनबावड्याचा चिखल आणि सिस्सूचा बर्फ

जानेवारीत हिमाचलमधल्या बर्फाळ लाहौलला जायचे नक्की झाले, तेव्हा आमच्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणाऱ्या पिकअपची उंची वाढवून घ्यावी, असे घरात आणि मित्रांत सगळ्यांचेच मत पडले. तसे ठरवूनच मी पावसाळ्याच्या तोंडावर गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी खाली उतरून बॅटरीचा उजेड मागच्या ॲक्सलवर पाडला आणि म्हणाले, "साहेब, पाट्याखाली ठोकळं घातलं तर हौदा वर जाईल, पर ह्यो डिफरेन्शियल हाय तिथंच ऱ्हाणार. दगूड लागायचा तो ह्येलाच."

त्यांचे म्हणणे अचूक होते. अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाके एकाच आडव्या दांड्याने जोडलेल्या गाडीत सर्वांत खालचा भाग म्हणजे दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलचा फुगवटा, आणि तो वर उचलला जातो फक्त मोठ्या टायरने. आमचे मूळचे टायर २४५/७० आर १६ मापाचे, म्हणजे सुमारे ७४९ मिलिमीटर व्यासाचे होते. २६५/७० घेतले तर व्यास ७७७ होतो, पण ॲक्सल चाकाच्या मध्याशी असल्यामुळे प्रत्यक्षात मिळते ती निम्मी वाढ, १४ मिलिमीटर. २६५/७५ घेऊन २७ मिलिमीटर मिळाले असते, परंतु मग वेगदर्शक खऱ्या वेगापेक्षा सुमारे ७ टक्के कमी दाखवू लागतो, इंजिनावर ओढ वाढते आणि मडगार्डच्या आत बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्यांना जागा उरत नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, हेही मनात होतेच. म्हणून आम्ही ठोकळ्यांचा विचार सोडला आणि १४ मिलिमीटरवर समाधान मानले. टायरची नक्षी निवडताना मात्र मी खास चिखलासाठीची मड-टेरेन सोडून हट्टाने सगळ्या वाटांवर चालणारी ऑल-टेरेन घेतली. मड-टेरेनचे रबराचे मोठे ठोकळे चिखल छान फेकतात, पण घट्ट बर्फाला धरतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, आणि त्या ऑल-टेरेनवर अधिक असतात.

पहिली परीक्षा जुलैत गगनबावड्याला झाली. बरोबर मामा होते, ज्यांनी ऊस वाहणारा ट्रॅक्टर कित्येक हंगाम चालवला आहे. निघताना त्यांनी हौद्यात क्रशरच्या कचेची, म्हणजे बारीक खडीची, प्रत्येकी ४० किलोची चार पोती टाकायला लावली, वर पाचटाचे दोन भारे ठेवले. रिकाम्या पिकअपचे मागचे टोक हलके असते, म्हणून मागची चाके जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पोती ठेवायची जागाही त्यांनीच दाखवली: बरोबर ॲक्सलच्या वर. फार मागे ठेवली, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

डांबरी रस्ता सोडून जांभ्याच्या लाल वाटेला लागण्यापूर्वी आम्ही टायरमधली हवा ३२ वरून २० पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचे एकक) आणली. हवा उतरली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, आणि एवढ्या एका बदलाने जो फरक पडला, तो त्या दिवशीच्या दुसऱ्या कोणत्याही तयारीने पडला नाही. आधी घसरणारा चढ गाडी लो-रेंजच्या, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या जोडणीच्या, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढून गेली. पुढे एका चरात मागचे डावे चाक अधांतरी झाले आणि साध्या डिफरेन्शियलमुळे तेवढेच चाक गरगरत राहिले. पुढच्या चाकांनाही त्या निसरड्या मातीत पकड मिळेना. "लेका, रेस करू नगंस, खोल जाशील," असे म्हणत मामांनी चाकाखाली पाचट कोंबले आणि गाडी बाहेर आली. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मात्र आम्ही चाक घातले नाही. त्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात जी फुले उगवतात, त्यांना टायरची एक फेरीही फार होते, आणि वाट सोडून सड्यावर गाड्या फिरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आम्ही जानेवारीत मनालीला पोहोचलो. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडल्यावर लाहौलमधल्या सिस्सू गावाची दरी पूर्ण पांढरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे १० अंशांत हवा मोजली, तर कोल्हापुरात भरलेली ३२ पीएसआय हवा गेजवर ३० दिसली. थंडीने दाब बराच उतरला होता, पण सुमारे ३,१०० मीटरांवर बाहेरचा वातावरणीय दाबही कमी असल्यामुळे गेजवरचा आकडा पुन्हा चढला होता. तिथे पोहोचून मोजल्याशिवाय अंदाज करू नये, एवढे त्यातून कळले. हवा २२ वर आणली आणि ताज्या बर्फात गाडी शांतपणे चालली.

खरी कसोटी आम्ही उतरलो होतो त्या घरमालकांच्या गल्लीच्या उतारावर लागली, कारण तिथला बर्फ वितळून पुन्हा गोठल्याने काचेसारखा झाला होता. चारही चाकांना ओढ मिळाली म्हणून ब्रेक लवकर लागत नाहीत. गाडी थांबवायला पकड तेवढीच उपलब्ध असते. आम्ही मॅन्युअलप्रमाणे मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या, लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता उतरायला सुरुवात केली, आणि तरीही वळणावर पुढची चाके सरळ घसरू लागली. साखळ्या मागे असल्या की हा धोका राहतोच. गाडी कडेच्या बर्फाला टेकून थांबली, तेव्हा मी एक पोते फोडून कच पुढच्या चाकांपुढे दोन पट्ट्यांत पसरली. खडे बर्फात रुतले आणि त्या खरखरीत पट्ट्यांवरून गाडी वळण घेऊन खाली आली.

परतताना घरमालकांनी कचेचे एक पोते मागून घेतले. ते त्या वळणाच्या कडेला ठेवून, उरलेली दोन ॲक्सलवर पुन्हा घट्ट बांधून आम्ही बोगद्याकडे निघालो.