म्हातारीचा हात

परवा सहा जणांच्या एका टोळक्यानं आमच्या म्हातारीचा हात उपटला आणि पुढची 20 मिनिटं तो हात घेऊन खोलीभर हिंडले. घड्याळामागे लावून पाहिला, कपाटाच्या फटीत घातला, एकानं तर फोनच्या रिसिव्हरच्या जागी ठेवून ‘हॅलो’ही केलं. कॅमेऱ्यावर बघणारा, खेळ चालवणारा गेममास्टर हसून लोळत होता. मला मात्र हसू येईना, कारण त्या हातापायी माझे तीन आठवडे गेलेत.

बायकोच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आलो. (हो, मागेच. नातेवाईकांनी हा शब्द इतक्यांदा वापरलाय की आता माझा मीच वापरतो.) वर्षभर घरी भाकऱ्या थापल्यावर एका एस्केप रूमवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये लागलो. (एस्केप रूम म्हणजे स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत ठरल्या वेळात बाहेर पडायचं, तो खेळ.) क्लू स्क्रीनवर झळकण्यापेक्षा खोलीतल्या कुणीतरी तोंडानं सांगावा, असं मालकांच्या मनात होतं. म्हणून ही झुलत्या खुर्चीतली म्हातारी. वरून सिलिकॉनची कातडी, आत सर्व्हो मोटरी, म्हणजे सांगितल्या कोनापर्यंतच फिरणाऱ्या. डोळे, पापण्या, जबडा, मान आणि एक उजवा हात.

खुर्ची कशी झुलवायची यावर चर्चा चालली होती तेव्हा माझी कॉलर ताठ झाली. म्हटलं, गाडीच्या वायपरची मोटर घ्या. 12 व्होल्ट, दोन स्पीड, आत वर्म गिअर, म्हणजे जोरही भरपूर. पेठेत गणपतीच्या हलत्या देखाव्यांत अर्धं आयुष्य गेलंय माझं. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारातून मोटर उचलायची, प्लायवूडचा कॅम, सायकलची चेन, की आमचा अफजलखान दर दहा मिनिटांनी पडायला तयार. आता हे लोक थक्क होणार, अशा थाटात मी उभा. म्हाताऱ्या सुताराकाकांनी शांतपणे एक खण उघडला. आत वायपर मोटरी, ओळीनं रचलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी.

असो. डोळ्यांचं मात्र माझंच चाललं. नजर आधी वळली पाहिजे, मान मागून. मान आधी फिरली की ते बुजगावणं दिसतं. नजर खाली जाताना पापणीही थोडी उतरायला हवी. एवढं साधलं की लोक शपथेवर सांगतात, ती आमचं ऐकत होती. ऐकत कसली, पलीकडच्या खोलीत एक पोरगा बटणं दाबत असतो. जबडा आवाजाच्या चढ-उतारावर उघडतो. त्याच्या चाचणीसाठी आवाज हवा होता, हाताशी आईचा व्हॉइस मेसेज होता, तोच लावला. गोऱ्या, सुरकुतलेल्या सिलिकॉनच्या तोंडून “जेवलास का रे? बोलत का नाहीस?” मी मोटर बंद करून थोडा वेळ बाहेर सायकलींपाशी जाऊन उभा राहिलो.

तर हात. म्हातारी हात पुढे करते, तळव्यावर किल्ली असते, एवढंच काम. वर्कशॉपच्या आमच्या बाईंनी विचारलं, हात मागे येताना मनगट आणि खुर्चीच्या मध्ये कुणाचं बोट आलं तर? मी म्हटलं, मोटर अडकली की करंट वाढतो, तो मोजू आणि मोटर उलटी फिरवू. केलं. बाईंनी डब्यातलं गाजर काढून मध्ये धरलं. कट्‌. दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी मर्यादा खाली आणली, पुन्हा गाजर. तिसऱ्या दिवशी हात इतका लाजाळू झाला की किल्लीच्या वजनानंही मागे फिरे. असे तीन आठवडे, रोज एक गाजर, आणि पाच वाजले की हातातला स्क्रू तिथेच ठेवून सगळे घरी.

शेवटी बोललोच. म्हटलं, आमच्या मंडळात पंधरा दिवसांत अख्खा देखावा उभा राहतो, कुणाला काही होत नाही. (एकाचा अंगठा चेनमध्ये गेला होता, पण तो देखावा उतरवताना, म्हणून मी धरत नाही.) बाई म्हणाल्या, “त्या पुतळ्यांना लोक हात लावतात?” लोक बांबूच्या अलीकडे असतात. मी विषय बदलला आणि दारांवर घसरलो. वीज गेली की चुंबकी कुलूप आपोआप सुटायलाच हवं, वर प्रत्येक खोलीत लाल बटण. खेळाची मजा काय राहिली? जेवणाच्या टेबलावर एकदम शांतता. सुताराकाका ब्रेडवर चीज ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, “कोशालिन.”

घरी येऊन शोधलं. पोलंड, 4 जानेवारी 2019. एस्केप रूममध्ये आग, दार बंद, 15 वर्षांच्या पाच मुली. एकीच्या वाढदिवसासाठी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाजर मीच घेऊन गेलो. कोपरात चुंबकाचा सांधा बसवला. अडकला किंवा ओढला की हात सरळ निखळतो, टेकवला की परत बसतो. गाजर शाबूत राहिलं, बाईंनी ते खाल्लं.

तरी सांगतो, सगळंच काही यांचं शहाणपण नाही. टिलबर्गजवळच्या एफ्टेलिंग पार्कात 1959 पासून एक जाडा मुलगा बसलाय, होले बोले खाइस. ‘पपीर हीर’, म्हणजे कागद इकडे, असं ओरडतो, कागद तोंडात ओढून घेतो, वर आभार मानतो. पोरं त्याला भरवायला कचरा शोधत फिरतात. आपल्या बागेतला ‘युज मी’वाला पेंग्विन तोंड उघडून नुसता उभा असतो, कबूल. पण त्याला आपण मोटर कधी दिलीच नाही. दिली असती तर तो काय काय बोलला असता!

हाताचा गोंधळ परत नको म्हणून मी चुंबकाच्या वर मार्करनं डचमध्ये लिहिलं, ‘हा क्लू नाही.’ जागा उरली होती, म्हणून खाली मराठीत, ‘हात परत लाव, बाळा.’ काल एका गटानं ती अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि पंधरा मिनिटं त्यांच्या रेघांचे आकडे करून तिजोरीवर फिरवत बसले.