आमची वाटचाल: मादिराँ आणि तिच्या सोबतचं ताट

तुलूझमधलं आमचं छोटं दुकान सुरू झालं ते नैर्ऋत्य फ्रान्सच्या लाल वाइनवर. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाइकांची नाराजी सगळ्यात जास्त ओढवली ती त्यातल्याच मादिराँ या वाइननं. ‘फार तुरट आहे’, ही एकच तक्रार. बाटलीत खोट नसायची. ती गार असताना, बूच काढल्या काढल्या आणि नुसतीच प्यायलेली असायची. तेव्हापासून बाटलीइतकंच ती कशी वाढायची हे सांगणंही आमच्या धंद्याचा भाग झालं.

मादिराँ पिकते पिरेने पर्वताच्या पायथ्याकडच्या टेकड्यांवर, जेर, ओत-पिरेने आणि पिरेने-आत्लांतिक या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर. तिला स्वतंत्र नामांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनलाच ते नाव लावायचा अधिकार, मिळालं १९४८ मध्ये. मुख्य द्राक्ष तानात: जाड सालीचं, गडद रंगाचं आणि टॅनिननं, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकानं, भरलेलं. कोरा चहा फार उकळला की जीभ जशी खरखरीत होते, तोच हा तुरटपणा. तो सौम्य करायला काबर्ने फ्राँ, काबर्ने सोव्हिन्याँ किंवा फेर सर्व्हादू ही द्राक्षं मिसळतात; काही उत्पादक मात्र निव्वळ तानातच वापरतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागात वाइन उत्पादक पात्रिक द्युकूर्नो यांनी टाकीतल्या वाइनमध्ये अगदी मोजून, बारीक बुडबुड्यांतून प्राणवायू सोडण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे टॅनिन लवकर मऊ होतं. वाइन घेताना ती टाकीतली की ओकच्या पिंपातली आणि त्यात तानात किती, हे आम्ही आधी विचारतो. वाढण्याआधी किती वेळ हवा द्यायची, ते त्यावर ठरतं.

चार-पाच वर्षांची बाटली असेल तर रुंद बुडाच्या काचेच्या चंबूत ओतून दोन तास ठेवा. नुसतं बूच काढून ठेवण्याचा फारसा उपयोग नाही. बाटलीच्या गळ्यात वाइनचा जेमतेम रुपयाएवढा भाग उघडा पडतो. दहा वर्षांपुढची असेल तर आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि सावकाश ओता. ती चंबूत अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर उरलासुरला वास उडून जातो.

तापमान १६ ते १८ अंश. १४ च्या खाली तुरटपणा टोचतो, २० च्या वर अल्कोहोल नाकात जातं, आणि मादिराँमध्ये ते बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली चालते. बर्फ मात्र नको.

आता ताट. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मांसातली प्रथिनं टॅनिनला स्वतःकडे ओढून घेतात, चरबी आणि मीठ तुरटपणा बोथट करतात. म्हणूनच तिथल्या स्वयंपाकाशी ही वाइन इतकी जमते: स्वतःच्या चरबीत मंद शिजवलेली बदकाची तंगडी, पांढरा घेवडा, सॉसेज आणि बदक घालून केलेला कासुले, बदकाची भाजलेली छाती. मेंढीच्या दुधाचं ओस्सो-इराती चीजही उत्तम. मासे मात्र टाळा, तोंडात धातूची चव उतरते.

तुलूझमधली मराठी मंडळी हमखास विचारतात, मटणाबरोबर चालेल का? चालेल, पण तांबड्या रश्श्याबरोबर नाही. मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात आणि तुरटपणाही वाढल्यासारखा वाटतो. कांदा-सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचं, मिरची अगदी कमी असलेलं, चरबीदार सुकं मटण किंवा मंद आचेवर शिजवलेली नळी घ्या. शाकाहारी जेवणात वांग्याचं भरीत बरं जमतं, भाजल्याच्या धुरकट चवीमुळे. तेल सढळ हातानं घाला. पुरणपोळीबरोबर ही वाइन उघडायचा हट्ट आम्ही मोडून काढतो, कारण गोडापुढे ती कडू लागते. गोडासाठी त्याच भागातली पाशरेंक द्यू व्हिक-बिल ही पांढरी, गोड वाइन आहे.

बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. जेवणातून अर्धी उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तरुण मादिराँ दुसऱ्या दिवशी पुष्कळदा जास्त चांगली लागते. पिण्याआधी तासभर बाहेर काढा.