आमची वाटचाल : तीन अमिनो आम्लं, दोन पाणी

अकरावी-बारावीच्या पोरांसाठी कर्बोदके, प्रथिने, मेद यांचं पहिलं उजळणी कार्ड आम्ही 1999 च्या जानेवारीत सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणकागदाची स्टेन्सिल कापून छापायच्या मशीनवर काढलं. मशीन जुनं, धुळ्याच्या एका छापखान्यातून आणलेलं. ज्यांनी स्टेन्सिल कापली आहे त्यांना सांगायला नको, अक्षर कापणं सोपं, षटकोन कापणं महाकठीण. ग्लुकोजच्या कड्याला सहा कोपरे. लेखणी कोपऱ्यावर जरा जास्त दाबली गेली की मेणकागद फाटायचा आणि तिथं शाईचा थेंब पसरायचा. नेमका पहिल्या कार्बनवर. तिथला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) खाली असला तर ते अल्फा ग्लुकोज आणि वर असला तर बीटा, आणि पोरांना तेवढंच दिसायचं नाही. शेवटी मी नुसत्या बाजू कापल्या, कोपरे उघडे ठेवले. दोनशे कार्डं छापून झाल्यावर मी आणि मंडळी रात्री कंदिलाशी बसून पेनानं कोपरे जोडत होतो. बाराशे कोपरे. लाईट तेव्हा अमळनेरला रात्रीची जायचीच.

हा धंदा का काढला, ते सांगतो. आमच्याकडची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात. कर्बोदके, प्रथिने, मेद, विकर, सगळं तोंडपाठ. अकरावी सायन्सला गेली की तेच शब्द इंग्रजीत समोर येतात आणि हुशार पोरगा गप्प होतो. त्याला वाटतं, हे काहीतरी नवीनच आहे. विकर म्हणजे एन्झाइम, मेद म्हणजे लिपिड, पिष्ट म्हणजे स्टार्च, एवढं कोणी कानात सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो. आमच्या कार्डावर पहिल्या दिवसापासून दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत, एकाच आकाराच्या अक्षरात. मराठी नाव बारीक छापायचं नाही, हा आमचा नियम.

दुसरं असं की उदाहरणं आम्ही घरातली घेतली. सगळ्यात जास्त गाजलेलं कार्ड 'कापूस आणि भाकरी'. ज्वारीतलं पिष्टही ग्लुकोजचं, कापसातला सेल्युलोजही ग्लुकोजचाच. मग भाकरी पचते, कापूस का पचत नाही? पिष्टात ग्लुकोजची एकमेकांशी जोड अल्फा, सेल्युलोजमध्ये बीटा, आणि सेल्युलोजची ही बीटा जोड तोडणारं विकर आपल्या आतड्यात नाही. बैलाच्या पोटात ते जंतू करून देतात, म्हणून कडबा त्याला पचतो. बीटा जोड एवढ्या साध्या रीतीनं कोणत्याही जाड गाईडात मी वाचलेली नाही. मेदाच्या कार्डावर आमच्याच गावचा वनस्पती तुपाचा कारखाना. 1945 साली तो सुरू झाला आणि पुढं त्याचीच विप्रो झाली. तेलातल्या दुहेरी बंधांवर निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन चढवला की तेल घट्ट होतं. अमळनेरच्या पोराला हायड्रोजनेशन दुसऱ्या कशानं शिकवायचं?

2003 ला ऑफसेटवर गेलो. पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली.

2016 ला नीट सक्तीची झाली आणि बाहेरगावचा एक मोठा क्लास गावात आला. एसी हॉल, चकचकीत बॅनर, प्रवेश घेतला की पुस्तिका फुकट. फुकटाशी कोण भांडणार? त्या वर्षी आमचे चौदाशे संच जायचे ते साडेतीनशेवर आले. मी म्हटलं ठीक आहे, धंदा आहे, ज्याचा माल चांगला त्याचा खपेल. मग दिवाळीनंतर आमच्याकडं पूर्वी येणारी एक मुलगी ती पुस्तिका घेऊन आली. म्हणाली, "काका, हे तुमचंच आहे ना?"

उघडून बघितलं तर धड्यांचा क्रम आमचा, दोन्ही नावं आमची, 'कापूस आणि भाकरी' शब्दान् शब्द आमचं. तरी मी स्वतःला समजावत होतो, की असं उदाहरण दुसऱ्यालाही सुचू शकतं. प्रथिनांचं पान उलटलं आणि हात थांबला. 2014 च्या आवृत्तीत आमची एक चूक झाली होती. प्रथिनं ज्यांची बनतात ती तीन अमिनो आम्लं जोडली की त्यांच्यात दोनच दुवे, म्हणजे पेप्टाइड बंध होतात, आणि दर बंधामागं एक याप्रमाणं पाण्याचे दोनच रेणू बाहेर पडतात. आमच्याकडून 'तीन' छापलं गेलं. पुढच्या वर्षी आम्ही ते सुधारलं, जुन्या संचांसाठी दुरुस्तीची चिठ्ठीही वाटली. त्यांच्या पुस्तिकेत तीन पाणी तसंच होतं. म्हणजे आमची 2014 ची प्रत समोर ठेवून उतरवलं होतं, वाचूनही बघितलं नव्हतं.

दोन्ही प्रती घेऊन मी गेलो. अर्धा तास बाहेर बसवलं. मग तिथले साहेब म्हणाले, "रसायनशास्त्र काय तुमच्या मालकीचं आहे का?" नाही, रसायनशास्त्र माझ्या मालकीचं नाही. पण चूक माझी होती, कापूस-भाकरी माझी होती, बाराशे कोपरे माझे होते. हे तिथं बोलता आलं नाही, घसा दाटला. वकिलाकडं जाऊन आलो, खर्च ऐकला आणि परत आलो. ते शल्य अजून आहे. पुढं चार वर्षांनी त्यांनी हॉल रिकामा केला, पण तोवर आम्ही दागिने मोडले होते.

त्यातून सावरतो तोच कोरोना आला. 2021 ला बारावीची परीक्षाच रद्द झाली. परीक्षा नाही तर उजळणी कशाची? संच माळ्यावर पडून राहिले, वाळवी लागू नये म्हणून मी त्यात कडुलिंबाचा पाला घालत होतो. मशीन विकायला काढलं, गिऱ्हाईकही ठरलं होतं.

तेव्हा चोपड्याचे सर आले. पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक, कायम रोख देणारे. एसटीनं यायचे, पिशवीत केळी असायची, एक कच्चं आणि एक पिकलेलं. माझ्या काउंटरवरच दोन्ही कापायचे आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन थेंबथेंब टाकायचे. कच्चं केळ त्यातल्या पिष्टामुळं काळंनिळं होतं, पिकलेल्यावर रंग फारसा चढत नाही, कारण पिकताना अमायलेज या विकरानं पिष्टाची साखर केलेली असते. वर्गातही हेच करायचे. काउंटरच्या लाकडावर आयोडीनचे तपकिरी डाग अजून आहेत, मी रंग दिलेला नाही. त्या दिवशी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद करू नको भाऊ. मना पोरेसले काय देऊ मंग?" माळ्यावरचे साठ संच पूर्ण किमतीला घेतले, पोती स्वतः रिक्षात चढवली. मशीन मी विकलं नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना सांगतो. शाळांना उधारी दिवाळीपुढं जाऊ देऊ नका. प्रूफ रात्री अकरानंतर वाचू नका, आमचं तीन पाणी तसंच आलं होतं. आणि आई-बापांना सांगतो, पोराला कार्ड नुसतं वाचू देऊ नका. कार्ड उपडं ठेवा, कोरा कागद द्या आणि ग्लुकोजचं कडं काढायला लावा. उजवीकडचा कार्बन पहिला, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं मोजायचं. मग विचारा, बेनेडिक्टच्या, म्हणजे साखर तपासायच्या निळ्या द्रावणाचा रंग चहातल्या साखरेनं का बदलत नाही? त्या साखरेत ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेत, मोकळा एकही नाही, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं पाहिजे. तीच साखर सौम्य आम्लात उकळून ही जोड तोडली आणि आम्ल मारायला सोडा टाकून पुन्हा बेनेडिक्टसोबत तापवली तर विटकरी रंग येतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं पोरगं विसरत नाही.

यंदा संचासोबत छोटी डबी देतोय. कापसाचं एक बोंड, मूठभर ज्वारी, आयोडीनची थेंबबाटली. बाटल्या मंडळी भरतात, बुचावर मेण मी लावतो. चोपड्याचे सर आता निवृत्त झाले आहेत, पण त्यांच्या जागी आलेल्या मॅडमची चाळीस डब्यांची चिठ्ठी काल एसटीच्या कंडक्टरकडून आली. खाली सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'केळी मी पाठवतो.'