बिल्डिंग तर थंयच आसा

१९८९ सालचा जून. मी तेव्हा आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या एका विभागीय कार्यालयात, दावे खात्यात होतो. दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता एक आजी आणि तिचा तिशीतला मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दोघंही पावसात भिजलेले. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक जाड, पिवळा पडलेला कागद काढला आणि घड्यांवर फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे ठेवला.

ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ अ‍ॅशुरन्स कंपनी. पत्ता ओरिएंटल बिल्डिंग्ज, फोर्ट, मुंबई. साल १९४४, मुदत २५ वर्षं, विमा रक्कम दोन हजार. विमेदार गिरणीतला कारकून. तो १९५७च्या मे महिन्यात वारलेला.

"इतकी वर्षं का नाही आलात?" मी विचारलं. आजीला माझा प्रश्न रागाचा वाटला असावा, कारण ती आधी मुलाकडे बघायला लागली. मी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. मग तिने सांगितलं. देवगड तालुक्यातलं गाव. नवरा मुंबईत, ती गावी. तो गेल्याची तार आली तेव्हा हा मुलगा आठ महिन्यांचा होता. दिवसकार्य झाल्यावर तिने विम्याचा विषय काढला, तर "दीर म्हणालो, कंपनी सरकारान घेतल्यान, आता पैसे खंयचे?" आणि तो कागद ट्रंकेच्या तळाशी गेला.

त्या दिराला मी दोष देऊ शकत नाही. १९ जानेवारी १९५६च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं, की आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकार ताब्यात घेत आहे. वटहुकूम निघेपर्यंत बातमी फुटू दिली नव्हती. भारतीय कंपन्या १५४, परदेशी १६ आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे छोट्या रकमांचा विमा उतरवणाऱ्या संस्था, ७५, अशा २४५ संस्थांचं व्यवस्थापन सरकारकडे गेलं. १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं, तोवर देशमुख संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते. गावात एवढंच पोचलं असणार, की कंपन्या गेल्या. आणि 'गेल्या' या शब्दाला आपल्याकडे एकच अर्थ असतो.

मग आता कशा आलात? याचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. लग्नानंतर ती एकदाच मुंबईला आली होती. नवऱ्याने तिला फ्लोरा फाउंटनपाशी उभं करून ती दगडी इमारत दाखवली होती आणि म्हणाला होता, ही आपली कंपनी. या खेपेला मुलाच्या बिऱ्हाडी आली असताना बस तिथूनच गेली. खिडकीतून तिला ती इमारत दिसली. "बिल्डिंग तर थंयच आसा मगे! मग पैसे कशे बुडतीत?" रात्री तिने मुलाला गावी पत्र टाकायला लावून कागद मागवून घेतला.

तिचं म्हणणं ऐकून मला वाटलं, त्या काळातल्या कंपन्यांनी इमारती बांधताना नेमकं हेच मनात धरलं होतं. आयुर्विमा म्हणजे वीस-पंचवीस वर्षं हप्ते घेऊन पुढच्या कधीतरीचं वचन देणं. हातात द्यायला कागदाखेरीज काही नाही. तेव्हा दगड उभा करायचा. ओरिएंटल कंपनी डी. मॅकलॉचलन स्लेटर यांनी १८७४ साली मुंबईत सुरू केली. परदेशी कंपन्या भारतीयांचा विमा एक तर घेत नसत, घेतला तर जादा हप्ता लावत, तो हा काळ. कंपनी मोठी झाल्यावर कॅथेड्रल हायस्कूलची जुनी इमारत घेऊन १८९०च्या दशकात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याकडून तिचं रूप पालटून घेतलं. बोरीबंदर स्टेशन आणि महापालिकेची इमारत ज्यांनी उभी केली, तेच स्टीव्हन्स. १९३०च्या दशकात न्यू इंडियाने महात्मा गांधी रस्त्यावर आपली इमारत बांधली, तिच्या दर्शनी भागावर नारायण गणेश पानसरे यांनी कष्टकरी माणसं कोरली. आमच्या महामंडळाचं मुख्यालय नरिमन पॉइंटला, त्याचं नावच 'योगक्षेम', गीतेतल्या 'योगक्षेमं वहाम्यहम्' वरून. मला स्वतःला फोर्टातली जुनी इमारत जास्त जवळची वाटते.

मुलाने अगोदर दुसरीकडे चौकशी केली होती. 'ओरिएंटल' नाव बघून तो ओरिएंटल इन्शुरन्सच्या कार्यालयात गेला. तिथे त्याला सांगितलं, आमच्याकडे आयुर्विमा नाही. ते बरोबरच होतं. ती कंपनी याच ओरिएंटलने १९४७ साली सर्वसाधारण विम्यासाठी काढलेली. आई नाहीशी झाली, लेक मात्र त्याच नावाने राहिली. न्यू इंडियाचं उलट झालं. तिचा आयुर्विमा १९५६ साली आमच्याकडे आला आणि इमारत व नाव तिच्याकडेच राहिलं. घरोघरी अशा किती गल्लती झाल्या असतील, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे.

बाँडबरोबर, म्हणजे पॉलिसीच्या त्या कागदाबरोबर, हप्त्याच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. मी शेवटून सुरुवात केली. हप्ता तिमाही. शेवटच्या दोन पावत्या, नोव्हेंबर १९५६ आणि फेब्रुवारी १९५७च्या, आमच्या महामंडळाच्या नावाच्या होत्या. म्हणजे नवऱ्याला सगळं नीट कळलं होतं. कंपनी बदलली तरी त्याने हप्ता चुकवला नव्हता. पुढचा हप्ता १ मेचा, तो भरायचा राहिला होता. मृत्यू १९ मेचा. हप्त्याच्या तारखेनंतर भरायला जी सवलतीची मुदत मिळते, तिच्यातला. पॉलिसी चालू होती! मी हे मोठ्याने म्हणालो, शेजारच्या टेबलावरच्यांनी वर बघितलं.

पण इतक्या वर्षांनी आलेला, मुदतीबाहेरचा दावा नुसत्या पावत्यांवर वर पाठवता येत नाही. डॉकेट हवं, म्हणजे त्या पॉलिसीची मूळ फाइल. राष्ट्रीयीकरणानंतर जुन्या कंपन्यांचं दप्तर वेगवेगळ्या विभागांत वाटलं गेलं होतं आणि ही पॉलिसी कुठे गेली ते शोधायला मला तीन आठवडे लागले. त्यातला पत्रव्यवहार सांगण्यासारखा नाही. शेवटी एका रेकॉर्ड रूममध्ये, तिथल्या शिपायाने शिडीवर चढून, सगळ्यात वरच्या फळीवरून ते खाली काढलं. जाड पुठ्ठा, आत प्रस्ताव अर्ज, वयाचा दाखला, डॉक्टरांचा अहवाल. विमेदारामागे रक्कम कुणाला द्यायची ते सांगणारं नामांकनही होतं, १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, आजीच्या नावाने. मी त्या दिवशी ऑफिस सुटल्यावरही तिथेच बसून होतो.

टिपण मी स्वतः लिहिलं. आयुर्विमा महामंडळ कायदा १९५६, कलम ७ : जुन्या कंपनीची मालमत्ता आली तशी देणीही आली. कलम ३७ : पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी. विमेदाराच्या बायकोला हे कोणी सांगितलं नाही, एवढ्यासाठी उशिराचा मुद्दा तिच्यावर लादू नये, असं मी लिहिलं. वरिष्ठांनी एक शब्दही न बदलता ते पुढे पाठवलं आणि दावा मंजूर होऊन आला. मे महिन्याचा हप्ता वजा जाता, बोनससह रक्कम अडीच हजारांच्या आत. १९५७ साली तेवढ्यात तिचं घर काही वर्षं चाललं असतं. १९८९ साली ते होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिलाही.

डिस्चार्ज फॉर्मवर, म्हणजे दाव्याच्या पैशांच्या पावतीवर, अंगठा उमटवायला मायलेक आले त्या दिवशी डॉकेट माझ्या टेबलावर होतं. मूळ बाँड जमा करावा लागतो म्हटल्यावर आजी जरा थबकली, मग तिने तो दिला. त्या काळी प्रस्तावावर फोटो नसे. माणूस ओळखायचा तर डॉक्टरांनी तपासणीत नोंदलेल्या खुणांवरून. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तो अहवाल वाचून दाखवला. डाव्या भुवईवर जुना व्रण.

"व्हय," आजी म्हणाली, "बैलाच्या शिंगाचो. ल्हान असताना लागलेलो."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. त्याने वडलांना पाहिलेलं नव्हतं, घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. अर्जात कुटुंबाची माहिती होती : आई कितव्या वर्षी गेली, कशाने गेली, भावंडं किती. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने सगळं दोनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, "साहेब, उंची लिहिलीय का?"

लिहिली होती. पाच फूट सहा इंच.

तो उठून उभा राहिला. आजीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मान हलवली. मी त्या दोन पानांची झेरॉक्स काढून आणायला शिपायाला सांगितलं.