सेंट इश्त्वान, १:३५० : चारऐवजी दोन शाफ्ट

दोन रविवार मागे जाण्यात गेले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सेंट इश्त्वान या युद्धनौकेचं मॉडेल करतोय. त्याच्या बुडाला चार शाफ्ट, म्हणजे पंखे फिरवणारे दांडे, चिकटवून वर पॉलिश पेपरही मारून झाला होता. समोर नकाशा टेगेटहॉफचा, म्हणजे त्याच वर्गातल्या भावंड जहाजाचा. मग फिउमे शहरातल्या गोदीचा इतिहास वाचायला घेतला आणि कळलं, सेंट इश्त्वानला शाफ्ट दोनच होते. चारही पात्याने खरवडून काढले, खड्ड्यांत लाकडाचा भुसा नि फेव्हिकॉल भरला.

फरक आला राजकारणातून. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या या वर्गातली तीन भावंडं त्रिएस्तला बांधली गेली. आरमाराच्या खर्चाला होकार देताना हंगेरीने अट घातली, एक जहाज आमच्या गोदीत. फिउमे हे हंगेरीचं समुद्रावरचं दार. तिथल्या डानुबियुस गोदीने एवढं मोठं जहाज तोवर बांधलेलंच नव्हतं. आधी गोदी वाढवावी लागली. कील, म्हणजे बुडाचा कणा, बसवला २९ जानेवारी १९१२ ला, जलावतरण १७ जानेवारी १९१४ ला. १० जून १९१८ ला इटलीच्या एका छोट्या टॉर्पेडो बोटीने ते बुडवलं. ८९ माणसं गेली. टॉर्पेडोचा जन्मही याच फिउमेतला, १८६६ चा.

पहिल्या महायुद्धानंतर फिउमेवर इटलीनेही हक्क सांगितला, नव्या युगोस्लावियानेही. १९१९ मध्ये इटालियन कवी दानुनत्सियो माणसं घेऊन घुसला, १९२० च्या तहाने स्वतंत्र राज्य झालं, १९२४ मध्ये इटलीकडे गेलं. रिएचिना नदीच्या एका काठाला इटली, दुसऱ्या काठाला युगोस्लावियाचं सुशाक. आमच्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना मी हे डोळ्यांपुढे आणून पाहिलं, अल्याड एक देश, पल्याड दुसरा. अंगावर काटा आला. १९४७ पासून शहर युगोस्लावियात, आता क्रोएशियात, नाव रिएका. झेंडे बदलले तरी गोदीत जहाजं बांधली जात राहिली. तिचं नंतरचं नाव '३ मे', १९४५ मध्ये शहर मुक्त झालं तो दिवस.

आता कामाचं. पुढच्या धुराड्याभोवतीचा सर्चलाइटचा मोठा मंच फक्त याच जहाजाला, ०.५ मिमी प्लॅस्टिक शीटचा कापलाय. सर्चलाइटसाठी मंगळबाजारातून बारीक मोती आणले, पुढचा भाग घासून सपाट केला की काच बसल्यासारखा दिसतो. टॉर्पेडो अडवायच्या जाळ्या लावायच्या नाहीत, भावंडांना होत्या, याला नव्हत्या. बारा तोफांच्या नळ्या अजून राहिल्यात. कुणी सलाईनच्या सुईच्या नळ्या वापरल्या असतील तर कापताना तोंड चेपू नये म्हणून काय करता, सांगा.