बाबांचा मॉनिटर आणि जाड झालेली आई

मागच्या महिन्यात सांगलीहून बाबांचा फोन, "अरे कॉम्प्युटर बिघडलाय बहुतेक, वाचताना डोळे दुखतात." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं त्यामुळे मला आधी डोळ्यांचीच काळजी वाटली, पण मागून आई ओरडली, "डोळे चांगले आहेत त्यांचे, त्या स्क्रीनवर लग्नाच्या फोटोत मी ढोल दिसतेय ढोल!" तेव्हा माझी ट्यूब पेटली.

झालं असं होतं की विंडोज टाकायला आलेल्या मुलाला बाबांनीच सांगितलेलं, अक्षरं जरा मोठी कर, आणि त्याने रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र आडव्या-उभ्या किती ठिपक्यांचं ते, १९२० बाय १०८० चं १०२४ बाय ७६८ करून ठेवलं. त्याला तरी काय बोलणार, एकेकाळी मी पण हेच करायचो. जुन्या विंडोज एक्सपीच्या जमान्यात घरी तो पोटवाला डबा मॉनिटर होता, डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, तिथली पट्टी डावीकडे ओढून ८०० बाय ६०० केलं की अक्षरं कशी टपोरी व्हायची! आणि ते बरंही दिसायचं, कारण डब्यात मागून इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळी ओढत जायचा, ओळी कमी सांगितल्या तर तो कमी ओढायचा, विषय संपला.

आताच्या चपट्या मॉनिटरचं तसं नाही. त्याचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. रांगोळीचा भोकांचा कागद असतो ना, तसं. भोकं आहेत तिथेच ठिपका पडणार, तुम्ही मनात काहीही डिझाइन ठरवा. आता १०२४ बाय ७६८ चं चित्र, म्हणजे साधारण पावणेआठ लाख ठिपके, या वीस लाखांच्या कागदावर बसवायचं तर एका ठिपक्याला आडवे १.८७५ ठिपके वाट्याला येतात. पावणेदोनच्या वर आणि दोनच्या आत, असा अर्धवट ठिपका पेटवणार कसा? मग मॉनिटर शेजारचे दोन रंग मिसळून अंदाजपंचे भागवतो, आणि हाच तो धूसरपणा. (फोर-के स्क्रीन फुल एचडीवर चालवली तर हा हिशोब नेमका दुप्पट बसतो, एकाचे चार ठिपके, म्हणून तिथे निदान गणित तरी सुटतं.) बाबांच्या स्क्रीनवर उभ्यात मात्र हाच ताण १.४ पट, म्हणजे आडवं जास्त आणि उभं कमी, सगळं जग तेहतीस टक्क्यांनी रुंद, आणि आईची तक्रार शंभर टक्के खरी.

इंग्रजी असल्या धूसरपणात निभावून जातं हो, पण मराठीची वाट लागते. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक तो काय, डोक्यावरची इवलीशी गाठ नाहीतर फट, तीच पुसली की संपलं. बाबांनी मला अगदी गंभीरपणे वाचून दाखवलं, "वीज बिल मरणा". भरणा, बाबा, भरणा!

मग व्हिडिओ कॉलवर शिकवणी. म्हटलं बाबा, मोकळ्या जागी राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली रिझोल्यूशन दिसेल, ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय ते निवडा. निवडलं. मग विंडोज विचारतं की हे ठेवू का, आणि पंधरा सेकंदांत उत्तर नाही दिलं तर पुन्हा होतं तसं करतं, आणि बाबा आधी चष्मा पुसून अख्खा मेसेज वाचणार, त्यामुळे दोनदा सगळं मागे गेलं. ही सोय खरं तर चांगली आहे, चुकून स्क्रीन काळी पडली तरी आपोआप परत येते, पण त्या दिवशी डोक्यात गेली.

एकदाचं १९२० झालं तर, "अरे हे तर मुंगीएवढं झालं." बरोबर, आता खरं काम. त्याच पानावर वर स्केल असतं, म्हणजे अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते, ते १०० वरून १५० करायला सांगितलं. यात ठिपके सगळे वापरात राहतात, फक्त विंडोज प्रत्येक अक्षर जास्त ठिपक्यांत काढतं, म्हणून मोठं पण होतं आणि कडाही स्वच्छ. काही जुने प्रोग्रॅम यालाही दाद देत नाहीत, धूसरच दिसतात, साइन आउट करून परत आलं की त्यातले बरेच सुधारतात.

पण दीडशेवर सोसायटीच्या मेंटेनन्सच्या एक्सेलचे शेवटचे कॉलम बाहेर गेले, कारण जागा जणू १२८० बाय ७२० एवढीच उरली. आता मेंटेनन्सचा हिशोब दिसत नाही म्हटल्यावर बाबा थोडेच गप्प बसणार. शेवटी १२५ वर तह झाला, आणि पेपर वाचायला ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून प्लस. तो झूम ब्राउझर साइटप्रमाणे लक्षात ठेवतो त्यामुळे रोज करावं लागत नाही, हे कळल्यावर बाबा जरा खूश झाले.

आईने मात्र आधी लग्नाचा फोटो उघडायला लावला. बघून म्हणाली, "आता बरोबर आहे." शेजारच्या काकांनाही आता तसंच करून हवंय, त्यांचा जुना १२८० बाय १०२४ वाला चौकोनी मॉनिटर आहे, येत्या रविवारी परत शिकवणी.